शेरा

परीक्षकांनी लाल शाईत लिहिलं होतं,
'प्रकाशयोजना बरी. भाषा अशुद्ध.'
बरी होती ती माझी.
अशुद्ध ती विशूभियाची, माझ्या मावशीची,
जेल रोडवर बटणं विकणाऱ्या हर्डीकरांची,
म्हणजे आख्ख्या इंदूरचीच.

एका वाक्यावरून झालं.
नायिका खिडकीशी उभी राहून म्हणाली,
'मी तुझीच वाट पाहून राहिले आहे.'
पुण्याचं सभागृह हसलं.
चुकीच्या जागी हसलं.
विशूभिया विंगेत, हातात पोह्यांचा कागद,
त्यानं मला बोटानं खूण केली: उजेड ठेव.
हसू संपेपर्यंत मी ठेवला.
डिमरची मूठ तापलेली होती.
तळहातावर फोड आला, परतीच्या गाडीत खंडव्याला फुटला.

त्यानंतर एकोणतीस वर्षं त्यानं मराठी नाटक केलं नाही.

सागरला बुंदेली केलं. शिमोग्याच्या पुढे
कुठल्याशा सुपारीच्या गावात कन्नड.
इम्फाळहून पत्र आलं:
'इथली एक म्हातारी नटी टाचेनं रडते.
चेहरा कोरा. मी तीन दिवस नुसता तिच्या टाचा पाहतो आहे.'
मग जर्मनी. तिथली ट्राम म्हणे रात्री नऊला झोपते.
'नट प्रत्येक पावलाला का विचारतात, अनंता.
मी असं विचारलं असतं तर बापानं बदडलं असतं.'
त्याला कुठलीच भाषा नीट यायची नाही.
दुभाषा चहाला गेला की तालीम बरी व्हायची, असं तोच सांगायचा.
दर पत्राच्या शेवटी: लवंगी शेव पाठव, जाडी नको.

परत आला तेव्हा एक गुडघा बदललेला, आणि एक पत्र्याची ट्रंक.
मालवा मिलच्या मागे बंद पडलेली शाळा मिळाली तालमीला.
नट असे: निवृत्त नर्स लीलाताई सरमंडळ,
सहकारी बँकेचा एक कॅशियर, मालवी बोलणारे दोघे भाऊ,
आणि नायिका हरिता लालवानी, घरी सिंधी.
नाटक तेच. तेच.

हरितानं शिकवणी लावून मराठी घासून आणलेली.
खिडकीशी येऊन म्हणाली, 'मी तुझीच वाट पाहते आहे.'
'पुन्हा.'
नऊ वेळा पुन्हा.
मग तो म्हणाला, 'घरी कसं म्हणशील?'
ती सिंधीत म्हणाली.
त्यानं डोळे मिटून ऐकलं, कान तिच्याकडे करून,
आंधळा माणूस पैसे मोजतो तसं.
'आता तेवढाच श्वास घे. आणि वाक्य मी सांगतो ते.'

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी त्यानं मला ट्रंकेतून
जुना नकाशा काढायला सांगितला.
नकाशा सापडला नाही. वह्या सापडल्या.
कन्नड, मणिपुरी, जर्मन, सगळे संवाद
देवनागरीत उतरवलेले, मला एक अक्षर कळेना.
पण दर वहीत कुठे ना कुठे, समासात, पेन्सिलीनं:
'इथे हसतील. उजेड ठेव.'

मी ट्रंक बंद केली.
नकाशा नाही म्हणून सांगितलं.

प्रयोगाला दीडशेक माणसं. पंखे आवाज करणारे.
हरिता खिडकीशी आली.
'मी तुझीच वाट पाहून राहिले आहे.'
कुणी हसलं नाही.
कुणाला काही वेगळं वाटलंच नाही.
चौथ्या ओळीतली बाई घरी असंच बोलत असणार,
ती नुसती पुढे सरकून बसली.
पण जागा ठेवलेली होती. बसवलेली, मोजलेली.
हरिता थांबली. मी थांबलो.
बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती.

तेवढ्यात विंगेतून एकच हसू आलं,
खोकल्यात मिसळलेलं,
चुकीच्या जागी.

मी उजेड ठेवला, ते संपेपर्यंत.
हल्लीचे डिमर तापत नाहीत.
मी सवयीनं हातावर फुंकर घातली.